सायकलची तार आणि काकाजींचे पाय

काकाजींची जीप मूळची इकडची नव्हतीच. कुठल्याशा थंड पहाडातल्या सरकारी खात्यात तिची उमेदीची वर्षं गेली, मग ती लिलावात निघाली आणि दोन-तीन मालक करत सिहोऱ्याला आली. म्हणून तिला हीटर होता. भंडारा जिल्ह्यात हीटर म्हणजे म्हशीला स्वेटर, पण आलाय तर आलाय, काढून कोण टाकणार. मीही तसाच लांबून आलेला. फरक एवढाच, की मला कुणी लिलावात घेतलं नाही. फुकटच ठेवून घेतलं.

मी सांगलीकडचा. आठवीच्या सहामाहीला शाळा सोडली आणि पुढं रस्त्याच्या कामावर रोलरचा हेल्पर म्हणून फिरत फिरत इथवर पोचलो. पावसाच्या तोंडावर काम संपलं, टोळी निघून गेली. मुकादम म्हणाला, पुढचं काम लागलं की बोलावतो. अजून बोलावतोय. सिहोऱ्याच्या रोडवरच्या गॅरेजात मिस्त्रीनं मला पाने पुसायला घेतलं, आणि राहायला काकाजींनी धानाच्या कोठीशेजारची खोली दिली. भाड्याचं विचारलं तर म्हणाले, "उंदरं राहतेत फुकटात, तू बी राह्य." काकू रोज जेवायला बोलवायच्या. लाखोरीच्या डाळीचे वडे मी त्यांच्या हातचे पहिल्यांदा खाल्ले. गावात मला सगळे 'पुण्यावाला' म्हणतात. पुणं मी फक्त एसटीच्या काचेतून पाहिलंय, पण नागपूरच्या पलीकडचं सगळं इथं पुणंच असतं. मी कधी दुरुस्त करायला गेलो नाही. ज्यांचं मीठ खातो त्यांचा भूगोल आपण कशाला काढायचा, तोही आठवीतून पळालेल्यानं?

स्वभावानं मी भित्रा. नट आवळला तरी परत जाऊन बघतो, आवळलाय का. खोलीला कुलूप लावलं तरी वळणावरून माघारी येतो. सारखी भीती, की आपल्या हातून काहीतरी चुकेल आणि ही माणसं म्हणतील, जा बाबा आता तुझ्या गावाला. म्हणून जे झालं त्याची लाज जास्त वाटते. आयुष्यात सगळं तीन-तीनदा तपासणारा मी, नेमकं एकच काम एकदाच तपासलं.

ते असं झालं. पौषातली थंडी होती. इथं थंडी पडते ती तलावांवरून येते, धुकं असं की बैलाला स्वतःची शिंगं दिसू नयेत. काकाजींची शेती आंबागडच्या बाजूला, तिकडं ते दोघं भल्या सकाळी जीपनं जायचे. काकूंच्या पायाला वाताचा त्रास. त्या हीटरला 'शेगडी' म्हणायच्या आणि चपला काढून पाय त्याच्या तोंडाशी धरून बसायच्या. तर ती शेगडी बंद पडली.

मिस्त्री तेव्हा गॅरेजात नव्हता. इकडं धानाचा चुरणा, म्हणजे मळणी, लागली की मिस्त्री आधी शेतकरी असतो आणि मग मिस्त्री. गॅरेज माझ्यावर टाकून तो आठ दिवस खळ्यावर गेला होता. जाताना बजावून गेला, "पंचर, हवा, तेलपाणी. बाकी कायलेच हात लावू नको. तुले येत नाही ते तुले माहीत असलं पायजे."

मला ते चांगलंच माहीत होतं. पण संध्याकाळी काकू म्हणाल्या, "पाय गारठून गेले बाप्पा माहे. तू गॅरेजात राह्यतं ना रे? पाह्य ना जरासं."

आता ज्या बाईच्या हातचं आपण रोज जेवतो तिला 'मला येत नाही' कसं म्हणायचं? म्हणलं, "बघतो काकू." इथंच माझी चूक सुरू झाली. तारेची वेळ नंतर आली.

डॅशबोर्डाखाली उताणा झोपून टॉर्च लावला. हीटर म्हणजे फार काही नसतं. इंजिनातलं गरम पाणी एका नळीनं आत येतं, छोट्या जाळीतून फिरतं, आणि त्या जाळीवरून येणारी हवा पायावर येते. नळीवर एक चावी असते, घरच्या नळासारखी. समोरचा दांडा लाल टिपक्याकडं ओढला की चावी उघडते, निळ्याकडं ढकलला की बंद होते. दांडा आणि चावी यांच्यामधी एक केबल, वरून वेटोळ्याचं कवच आणि आत तार. ती तार दांड्यापाशीच गंजून तुटली होती. लाल म्हणजे गरम, निळा म्हणजे गार, एवढं शिक्षण माझं झालेलं असल्यानं मला सगळं कळलंय असं वाटलं.

असली केबल सिहोऱ्यात कुठं मिळणार? पण शेजारी सायकलचं दुकान होतं. सायकलच्या ब्रेकची तार आणली. तार ती तार. जुन्या कवचातून ओवली, दोन्ही टोकं बांधली, जीप चालू केली, दांडा लालकडं ओढला. पाच मिनिटांत पायाशी गरम हवा. दांडा निळ्याकडं ढकलला, लोण्यासारखा गेला. झालं! बोनेटमधी डोकं घालून चावी खरंच मिटली का, हे बघायचं राहिलं. खरं सांगायचं तर राहिलं नाही, मला इतका आनंद झाला होता की बघावंसं वाटलंच नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी एकट्यानं दुरुस्त केलं होतं.

दुसऱ्या दिवशी काकूंनी आल्याआल्या सांगितलं, "शेगडी मस्त झाली रे! आंबागड येईस्तवर झोप लागली मले." काकाजी चारचौघांत म्हणाले, "आपला पुण्यावाला आता मिस्त्री झाला." मी घरी आईला फोन करून सांगितलं, की मी इथं गाड्या दुरुस्त करतो. 'गाड्या' म्हणालो. एक गाडी, तीपण अर्धी.

मग थंडी गेली. काकाजींनी दांडा निळ्याकडं ढकलला तो ढकलला. शिमगा झाला, मोहफुलं पडून संपली, वैशाख आला. इकडचा वैशाख ज्यानं पाहिला नाही त्याला सांगून कळायचं नाही. दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. काकाजी रोज जाऊन येऊन करत होते आणि रोज जरा जास्त थकलेले दिसत होते. "यंदा ऊन काही औरच हाये," म्हणायचे. लोक म्हणायचे, हाव काकाजी, औरच हाये. दरवर्षी असंच म्हणत असतील, मला काय माहीत. एकदा तर मिस्त्रीला सांगत होते, "गाडीचं इंजिन मात्र यंदा अजिबात तापत नाही पाह्य. मस्त काम करून राह्यलं." मिस्त्रीनं मान डोलवली. मीही डोलवली, म्हणलं, तेलपाणी आपणच तर बघतो.

त्या महिन्यात काकाजींचा ट्रॅक्टर शेतावर बंद पडला आणि मिस्त्रीनं मला त्यांच्यासोबत जीपनं पाठवलं. हीटर जोडल्यापासून मी त्या जीपमधी पहिल्यांदाच बसत होतो. निघून पाव तास झाला नसेल, माझ्या पायाची बोटं चप्पल सोडून वर वर जायला लागली. बघतो तर काकाजींनी दोन्ही पायांवर ओला दुपट्टा टाकलेला. तोही वाळला होता.

"पाय जळतेत ना तुहे बी?" काकाजी म्हणाले. "पण तू जवान हाये. तुले सोसते. मले नाही सोसत आता. वय झालं पोरा."

"काय वय झालं काकाजी, अजून..."

"ऐक. लाखांदूरचा एक जण पाहाले येऊन राह्यला. देऊन टाकतो गाडी. माणूस अन् गाडी संगंसंगं थकले तं त्यात मजा हाये. पण ही ठणठणीत अन् मी असा, हे बरं नाही दिसत." गियर बदलून म्हणाले, "अन् एकदा घरी बसलो का बसलोच. शेतावर कोन नेऊन राह्यलं मले रोज रोज?"

मी वाकून पायाशी हात नेला. भट्टीच्या तोंडाशी धरावा तसा. दांडा पाहिला, तर निळ्यावर. अगदी निळ्यावर.

तेव्हा मला कळलं. चावी पौषापासून उघडीच होती. इंजिन तापत नव्हतं, कारण त्याची सगळी आग मी नळी लावून काकाजींच्या पायात सोडली होती. आणि हा माणूस तीन महिने भर उन्हाळ्यात हीटर लावून फिरत होता, आणि दोष उन्हाला आणि स्वतःच्या वयाला देत होता. दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात ही चूक आठ दिवसांत उघडी पडली असती. इथं उन्हानं ती पोटात घातली.

सांगायला हवं होतं. तोंड उघडलंसुद्धा. बाहेर आलं ते असं, "हाव काकाजी, ऊन लई आहे."

मग मी माझ्यासारख्या माणसानं करावं तेच केलं. चोरून दुरुस्त करायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी काकाजी झोपले तसा अंगणात जाऊन, आवाज न करता बोनेट उचललं. चावीपाशी सायकलची तार धनुष्यासारखी वाकून बसली होती. ती सोडून चावी पकडीनं फिरवून बंद केली. बोनेट लावताना 'धाड' झालं. आतून काकूंचा आवाज, "कोन हाये?"

"मी हाये काकू. चप्पल बघतोय."

"बोनेटात?"

तरी त्यांनी जास्त विचारलं नाही. मी खोलीत येऊन बसलो, म्हणलं सुटलो. उद्या काकाजींना गार वाटेल, ते म्हणतील आज बरं वाटतंय, लाखांदूरवाल्याला नको म्हणतील, आणि कुणाला काही कळणार नाही.

दुसऱ्या दिवशी काकाजी शेतावरून आले ते चेहरा उतरलेला घेऊनच. जीपमधून उतरून सरळ बाजेवर बसले. काकूंना म्हणाले, "पाय मेले माहे."

"का झालं?"

"कालवर जळत होते. आज भर उन्हाचा आलो, काहीच कळलं नाही. गार हायेत. साखरेच्या रोगात असंच होते म्हणे, आधी जळतेत अन् मंग सुन्न होतेत." आणि तिथंच बसून त्यांनी लाखांदूरवाल्याला फोन लावला, "उद्याच या. घेऊनच जा."

मी कोठीच्या दाराआड उभा होतो. कालपर्यंत मी त्यांना फक्त म्हातारं केलं होतं. आता आजारीही केलं.

लाखांदूरवाला तीन बस बदलून, घामानं निथळत, अकरा वाजता पोचला. गडी मोठ्या आवाजाचा. अंगणात जीपच्या चारी बाजूंनी फिरला, टायरला लाथ मारली, खाली वाकून पाहिलं. काकाजी बाजेवर. काकूंनी त्यांचे पाय परातीत ठेवले होते, एका तांब्यात गरम पाणी आणि एकात माठातलं, आणि काकाजींना डोळे मिटायला लावून आळीपाळीनं ओतत होत्या.

"हे कोनतं?"

"गरम."

"अन् हे?"

"गार."

"मंग कळते ना!"

"तुह्या हाताच्या आवाजावरून सांगून राह्यलो मी," काकाजी म्हणाले. "तू गरम तांब्या हळू धरतं."

लाखांदूरवाला म्हणाला, "काकाजी, बसून सौद्याची गोष्ट करू का?" आणि बाजेच्या कडेला टेकला. काकाजींनी खिशातून जीपची किल्ली काढली. त्या माणसाच्या हातात ठेवायच्या आधी ती अंगठ्यानं एकदा पुसली. ते पुसणं मला बघवलं नाही.

"काकाजी, पाय मेले नाहीत," मी म्हणालो. आवाज माझाच होता, पण बारीक. "मीच ते भाजत होतो. आणि परवा मीच विझवले."

तिघंही माझ्याकडं बघायला लागले. मग मी सगळं सांगितलं. पौषापासून. सायकलची तार, उघडी राहिलेली चावी, बोनेटमधली चप्पल. सांगताना मी काकाजींकडं बघितलंच नाही, परातीकडं बघत होतो. मला वाटलं, आता ट्रंक भरावी.

काकाजी म्हणाले, "म्हंजे हा एवढा उन्हाळा..."

"उन्हाळा होता काकाजी. पण वर थोडा माझा होता."

लाखांदूरवाला जो हसायला लागला तो थांबेना. मांडीवर थापा मारत म्हणाला, "म्हंजे गाडीत काहीच खराबी नाही ना? मंग तं घेतोच मी!"

"आता कायले देतो बे?" काकाजी उठून उभे राहिले, तसेच ओल्या पायांनी. किल्ली परत खिशात. "गाडी बी चांगली, अन् मी बी चांगला!"

"पण मी तीन बस बदलून आलो ना!"

"जेवून जा," काकू म्हणाल्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि परात उचलली. बस, तेवढंच.

जेवणानंतर काकाजी म्हणाले, पाहुण्याला स्टँडवर सोडून येऊ. मला म्हणाले, "चाल. समोर बस. पहिले ते चावी उघड."

"कोणती?"

"ज्यानं माह्ये पाय भाजले ते. मले पाह्याचं हाये. चप्पल काढ."

भर दुपारचे दोन. मी चावी उघडली, अनवाणी बसलो, पाय त्या तोंडाशी. लाखांदूरवाला मागच्या सीटवरून वाकून वाकून बघत होता, "लागून राह्यलं का बे? लागून राह्यलं का?" इंजिन तापलं तशी हवा आली. मी पाय वर घेतले की काकाजी म्हणायचे, "खाली. मी तीन महिने ठेवले." पण खरी गंमत पुढंच झाली. त्यांनी स्वतःचाही डावा पाय तिकडं सरकवला, थोडा वेळ धरला, आणि स्टिअरिंगवर हात आपटून ओरडले, "जळून राह्यले! अरे, जळून राह्यले ना!" एखाद्या माणसाला पाय भाजल्याचा इतका आनंद झालेला मी पाहिला नव्हता. स्टँडवर उतरताना लाखांदूरवाल्यानं मला हात जोडले. बहुतेक थट्टेनं.

तिथून तसंच गॅरेजात. मिस्त्रीला काकाजींनीच सगळं सांगितलं. मी आपला पाने पुसत उभा. मिस्त्री रागावला नाही, ते जास्त वाईट वाटलं. त्यानं ती वाकलेली तार माझ्यासमोर धरली. "सायकलचा ब्रेक काय करते? ओढते. सोडला का आपोआप मागं जाते, तिथं स्प्रिंग असते. इथं स्प्रिंग हाये का? दोऱ्यानं म्हैस ओढता येते. दोऱ्यानं म्हैस ढकलून दाखव मले."

मी ती तार दोन बोटांनी ढकलून पाहिली, ती नुसती वाकली.

मग त्यानं भंगारातून एका जुन्या ट्रॅक्टरची, इंजिन बंद करायची स्टॉपर केबल काढली. तिच्या आत पीळ दिलेली लवचिक तार नसते, एकच जाड, कडक तार असते. ओढली तर येते, ढकलली तर जाते. धानाच्या मुलखात ट्रॅक्टरचं सामान कमी नाही. पौषात डोकं चालवलं असतं तर ती माझ्या पायाशीच पडलेली होती. "लाव," म्हणाला, आणि स्वतः स्टुलावर बसून राहिला.

मी जुन्या कवचाच्या टोकाला नवी केबल सुतळीनं बांधून मागून ओढली, म्हणजे वाट चुकत नाही. लांबीला कापली. टोक दांड्याच्या भोकात अडकवलं. आता चावीपाशी क्लिप आवळणार, तर मिस्त्री म्हणाला, "थांब. दांडा कुठं हाये?"

"मधी."

"निळ्यावर ने. मंग चावी हातानं पूर्ण बंद कर. मंगच क्लिप आवळ. नाहीतर दांडा म्हणेल बंद, अन् चावी म्हणेल अर्धी."

तसं केलं. मग त्यानं काकाजींना दांड्यापाशी बसवलं आणि मला बोनेटमधी, बोट चावीवर ठेवून. "लाल!" काकाजी आतून ओरडायचे. "उघडली!" मी बाहेरून. "निळा!" "मिटली!" असं किती वेळ चाललं होतं सांगता येत नाही. मिस्त्री म्हणाला पुरे, तरी काकाजी थांबेनात. रस्त्यानं जाणारे लोक उभे राहून विचारायला लागले, का चालून राह्यलं. गाडीला मंत्र देऊन राह्यलो, मिस्त्री म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून काकाजी परत आंबागडला जायला लागले. ऊन तेवढंच होतं, ओला दुपट्टाही असायचा, आता डोक्यावर. घरात मला जेवायला नेहमीसारखं बोलावलं, आणि मी नेहमीपेक्षा एक भाकरी कमी खाल्ली. काकू म्हणाल्या, "उपाशी राह्यल्यानं तार सरळ होते का?" आणि दोन वाढल्या.

चार दिवसांनी लाखांदूरवाल्याचा फोन आला. काकाजी बाजेवर पाय पसरून पडले होते. त्यांनी नंबर पाहिला आणि फोन माझ्याकडं केला, "तूच सांग त्याले."

दुसऱ्यांच्या घरचा व्यवहार मी सांगायचा? फोन घेतला. कानाला लावला. "काकाजी गाडी विकत नाहीत," म्हणालो. "कधीच नाही म्हणाले." कधीच नाही, असं ते म्हणाले नव्हते, ते मीच जोडलं. काकाजींनी ऐकलं आणि मान हलवली, म्हणजे चालेल.

"तुमी कोन बोलून राह्यले?" पलीकडून विचारलं.

आता कोण म्हणून सांगायचं? नोकर म्हणावं तर मी काकाजींचा नोकर नाही, मुलगा नाही, मिस्त्री तर नाहीच नाही.

"घरचाच हाये म्हण," काकाजी डोळे मिटूनच म्हणाले.

मला ते म्हणायला जीभ वळेना. म्हणालो, "तो सायकलची तार लावणारा."

पलीकडून हसण्याचा तोच मोठा आवाज आला. मग तो माणूस म्हणाला, "काकाजीले सांग, घरात तू असल्यावर गाडी मले फुकट बी नको," आणि फोन ठेवला. मी काकाजींना शब्दन् शब्द सांगितलं. काकाजी म्हणाले, "बरं झालं, त्याच्यापासून सुटलो," आणि कूस बदलून झोपले.